गंगाबाईचा चौथा प्रश्न

रिकाम्या खोलीत शिरण्याआधी गंगाबाई दार वाजवते. पाहुणे तिच्यासमोरच गाडीत बसून गेलेले असतात, किल्ली तिच्याच कमरेला असते. तरी ती दारावर दोनदा बोटं आपटते, "येऊ का?" म्हणते, क्षणभर थांबते आणि मगच झाडू घेऊन आत जाते. भाजे गावात आमच्या घरामागे पर्यटकांसाठी बांधलेल्या तीन खोल्या आहेत. आठ वर्षं ती त्या सांभाळते. न विचारता आत जाताना मी तिला एकदाही पाहिलं नाही.

सुरुवातीला मी हसले होते. "गंगाबाई, आत कोणी नाहीये."

"कोन न्हाई म्हनूनच इचारायचं, वैनी," ती म्हणाली. "कोन असतं तर त्यानंच आवाज दिला असता."

गेल्या दिवाळीपासून मलाही रिकाम्या खोलीत सरळ शिरवत नाही. त्याचं कारण सांगायचं तर आधी गंगाबाई सांगायला हवी.

ती वरच्या वाडीतली. आमच्या गावाच्या डोक्यावर, विसापूर किल्ल्याच्या कुशीत पंधरावीस घरांची वस्ती आहे, तिथली. जन्म डोंगरापलीकडे, पवना नदीच्या अंगाला. पंधराव्या वर्षी शिदूशी लग्न झालं आणि डोंगर ओलांडताना नावही पलीकडेच राहिलं. सासरी तिची गंगी झाली. आमच्यातही तीच रीत होती, म्हणून मला त्याचं नवल वाटलं नाही. उन्हाळ्यात करवंदं विकायची, पावसाळ्यात लोहगडवाडीच्या वाटेवर काकड्या आणि ताक घेऊन बसायचं, असं तिने बरीच वर्षं काढली. "मावशी, गड किती लांब?" असं एका टोळक्याने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "बाबांनो, गड हाय तितंच हाय. तुमीच लांब हायसा."

अशी ही हजरजबाबी बाई वाडीत मात्र वेगळ्याच कामासाठी ओळखली जाते. चैत्रात वाघजाईच्या जत्रेला ढोल घुमायला लागले की काही बायांच्या अंगात वारं येतं. आलेलं वारं देवीचं आहे की देवीच्या नावावर दुसरंच कोणी शिरलंय, हे आधी विचारून घ्यावं लागतं. ते विचारायचं काम गंगाबाईचं. प्रश्न चार, त्यांचा क्रमही ठरलेला. कोन हायस? कुटनं आलीस? कशाला आलीस? काय घेऊन जाशील? चौथ्याचं उत्तर मिळालं की झालं. नारळ, लिंबू, हिरवं पातळ, जे मागितलं असेल ते द्यायचं. आलेलं निघून जातं.

तिच्या स्वतःच्या अंगातही वारं यायचं. तेव्हा प्रश्न विचारायचा शिदू. वारं गेल्यावर ती मातीत निपचित पडली की तो तिच्या कानाला तोंड लावून तिचं माहेरचं नाव तीनदा घ्यायचा. माणूस परततो तो पहिल्या नावावर, असं ते मानतात. मी ते एकदा पाहिलं आहे. तो नाव घेईपर्यंत तिचे डोळे टक्क उघडे होते आणि त्या डोळ्यांत कोणी नव्हतं. मी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली, या प्रकाराला पुस्तकात काय म्हणतात ते मला ठाऊक होतं. तरी त्या दुपारी वाडी उतरताना मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

तीन वर्षांपूर्वी शिदू गेला. गेल्या पावसाळ्यात गंगाबाईचं अंगावरून जाणं थांबेना, म्हणून मीच तिला डॉक्टरांकडे नेलं. गर्भाशयात गाठ होती. पिशवी काढायची ठरली, तुळशीच्या लग्नानंतरचा मंगळवार मिळाला. मणका झिजलेला असल्यामुळे पाठीतलं इंजेक्शन जमणार नव्हतं, पूर्ण गुंगी द्यायला लागणार होती.  बाहेर आल्यावर गंगाबाई म्हणाली, "काढा म्हनावं. तीन पोरं झाली, आता त्या पिशवीत काय ठेवायचंय?"

एवढं सगळं सुरळीत झालेलं बिघडवलं ते आमच्या घराने.

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. मुलगी समीक्षा सुट्टीला आलेली. ती पुण्यात तत्त्वज्ञानात एम.ए. करते आणि यंत्राला जाणीव असू शकते का, यावर तिचा प्रबंध चालू आहे. दुपारी मी आणि गंगाबाई ओसरीवर नवे इंद्रायणी तांदूळ निवडत होतो आणि समीक्षा झोपाळ्यावर बसून फोनमधल्या त्या बोलणाऱ्या मदतनिसाशी वाद घालत होती. पलीकडून बाईचा आवाज, शुद्ध मराठी, मध्येच मंद हसू.

"कुनाशी बोलती गं?" गंगाबाईने विचारलं.

"कोणाशीच नाही, मावशी. यंत्र आहे ते."

"यंत्र? मग ती हसली कशी?"

समीक्षाला एवढंच हवं होतं. तिने फोन पुढे केला. "तूच विचार तिला."

गंगाबाईने सूप खाली ठेवलं. डोक्यावर पदर घेतला, मांडी घालून ताठ बसली. ही बैठक मी ओळखत होते. मी थांबवायला हवं होतं, पण मलाही ऐकायचं होतं.

"कोन हायस?"

"मी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी एक मदतनीस आहे," फोन म्हणाला.

"कुटनं आलीस?"

"मी कुठल्याही एका ठिकाणी नाही. याच क्षणी अनेक जण माझ्याशी बोलत आहेत."

गंगाबाईने पदर मुठीत घट्ट धरला. "कशाला आलीस?"

"तुम्हाला मदत करायला."

"काय घेऊन जाशील?"

"मला काहीही नको. मला इच्छा किंवा गरजा नाहीत. तुम्हाला आणखी काही विचारायचं आहे का?"

गंगाबाई इतक्या झटकन उठली की सूप उपडं झालं आणि तांदूळ ओसरीभर पसरले. "बंद कर. समीक्षा, आदी ते बंद कर."

"अगं, घाबरतेस काय? आत कोणी नाहीच आहे!" समीक्षा उत्साहात होती, तिच्या विषयात एवढं मन घालणारं माणूस तिला घरात प्रथमच भेटलं होतं. "तोच तर माझा मुद्दा आहे. बोलणं आलं म्हणजे आत बोलणारं कोणीतरी असणार, असं आपण समजत होतो. तसं काही नसतं. एका शब्दापुढे दुसरा शब्द लागत जातो. नुसतं तोंड."

"आन मानसाचं?"

"माणसाचं तरी बाहेरून कुठे कळतं? समोरच्याच्या आत कोणी आहे, असं आपण धरून चालतो."

गंगाबाईने तांदूळ गोळा केले नाहीत. चपला पायात सरकवून ती निघून गेली. आठ वर्षांत सांडलेलं तसंच टाकून ती कधी गेली नव्हती.

त्यानंतर चार दिवस ती आली नाही. पाचव्या दिवशी तिचा मुलगा दत्ता आला. तो कामशेतला टेम्पो चालवतो. अंगणातच उभा राहिला.

"काकी, आई न्हाई म्हनती ऑपरेशनला. डॉक्टरला फोन केलता तर त्यो म्हनला, रक्त सहावर आलंय, आता थांबायचं न्हाई. आमी सांगून दमलो. तुमी बगा बरं एकदा."

मी समीक्षाला घेऊन वाडी चढले. गंगाबाई ओट्यावर बसली होती, चेहरा कणकेसारखा पांढुरका. समीक्षाला बघताच तिने आधी विचारलं, "फोन कुटं हाय?"

"बंद आहे, मावशी."

"पालथा घाल."

समीक्षाने पालथा घातला. मी म्हटलं, "गंगाबाई, जिवावर बेतेल हो."

"व्हय. ते म्हाईत हाय." तिने आम्हाला बसायला जागा करून दिली. "वैनी, माज्या तोंडातनं तीस वरीस कोनतरी बोललं. लोकांनी ऐकलं. तेच्यावर लग्नं ठरली, मोडली. मी तितं न्हवते. मला वाटायचं, मी न्हाई म्हंजी वाघजाई आई हाय. आता ही पोर म्हनती, बोलायला आत कोन लागतच न्हाई. मग तीस वरीस काय हुतं? नुसतं तोंड?"

समीक्षाने पालथ्या फोनवर हात ठेवला.

"आन आता ते गुंगी देनार. डाक्टर हसून म्हनला, मावशी, काय कळनार न्हाई. तेचीच तर भीती हाय बाई! घर उघडं टाकून जायचं, राखनीला कोन न्हाई. कोन शिरलं तर? आईचं वारं असू दे, भूत असू दे, ते काय ना काय मागतं. दिलं की जातं. ह्या फोनातलीला काय नगं. जिला काय नगं तिला घालवायची कशी? नारळ देऊ?"

"फोनमधलं असं अंगात शिरत नाही हो."

"तुमी बगितलंय?"

मी पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, त्या ओट्यावर बसल्या बसल्या माझ्या हातांवर काटा आला होता.

मग तिने वाडीत कोणालाही न सांगितलेली गोष्ट सांगितली. शिदू गेल्यापासून तिने वारं येऊ दिलेलं नाही. जत्रेच्या दिवशी पहाटेच उठून डोंगर ओलांडते, कानात कापूस घालते आणि ढोल थांबेपर्यंत पवनेच्या काठाला बसून राहते; प्रश्न विचारायचं काम तेवढ्यापुरतं दुसरी कोणी करते. "लोकं म्हनत्यात, आई रुसली गंगीवर. आई न्हाई रुसली. मला माघारी बोलवनारं कोन उरलं न्हाई." दत्ताने आईचं नाव घ्यायचं नसतं, आणि ते नाव त्याला माहीतही नाही. माहेरी आता कोणी नाही.

 दुसऱ्या दिवशी दुपारी समीक्षाला उपाय सुचला होता. दत्ताच्या लग्नाच्या व्हिडिओत शिदूचं बोलणं होतं. त्यावरून तिने यंत्राकडून शिदूचा आवाज तयार करून घेतला. ऑपरेशननंतर सिस्टर हा फोन कानाशी धरेल, शिदूच्याच आवाजात हाक जाईल, मग कशाची भीती? चूक निस्तरायची तिला घाई झाली होती. आम्ही पुन्हा वाडीत गेलो. गंगाबाई चुलीपुढे पाठमोरी बसली होती. समीक्षा काही समजावून सांगण्याआधीच तिच्या बोटाने कळ दाबली गेली.

"गंगे, ऊठ."

"व्हय, आले," गंगाबाई म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून अर्धी उठलीसुद्धा. मग ती तशीच थिजली. ना उभी, ना बसलेली. चुलीत लाकूड तडतडलं तेवढाच आवाज.  शिदूला आम्हीच पोचवलं होतं. माझ्या नवऱ्याने खांदा दिला होता.

"बगितलंस?" ती न वळता म्हणाली.  "मी उठले. हाक कुनाची, इचारलंबी न्हाई. जागी असताना उठले. गुंगीत ह्या आवाजामागं गेले तर कुटं जाईन गं? शिदू कुटं हाय?"

समीक्षाने तिथेच तो आवाज पुसून टाकला. मग रडायला लागली. गंगाबाई तिच्याजवळ जाऊन बसली खरी, पण फोनला पाय लागू नये म्हणून वळसा घालून.

"ते नाव मला द्या," मी म्हटलं.

हे मी ठरवून बोलले नव्हते. गंगाबाईने माझ्याकडे बघितलं, कोथिंबिरीची जुडी पारखावी तसं. "घेनाऱ्यानं हलायचं नसतं, वैनी. मी येईस्तवर. एक दिस लागू दे, चार लागू दे."

"नाही हलणार."

"हसायचं न्हाई."

"नाही."

तिने माझ्या कानाला तोंड लावलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही.

मंगळवारला सहा दिवस होते आणि ते सहा दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. भाकरी थापताना मन भलतीकडे जायचं, मागून हे विचारायचे, "गॅसचा नंबर लावला का?" आणि माझ्या तोंडून "लावला" असं उत्तर जायचं. खरं आणि बरोबर उत्तर. मग तवा खाली उतरवून मी उभी राहायचे: मी तर इथे नव्हते, उत्तर दिलं कोणी? पूर्वी याला मी सवय म्हणायचे. आता त्या शब्दाने समाधान होईना. आणि त्याहून मोठी धास्ती वेगळीच. मी हाक मारली आणि ती आलीच नाही तर? किंवा आलं, पण दुसरंच कोणी आलं तर?

आधी रक्त चढवून झालं आणि मंगळवारी सकाळी गंगाबाईला ट्रॉलीवरून नेलं. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी तिने पडल्या पडल्या हात लांब करून दारावर दोनदा बोटं आपटली. "येऊ का?" वॉर्डमधली आया फिस्कन हसली. गुंगी देणाऱ्या डॉक्टरबाई दारातच होत्या, लोणावळ्याच्या. त्या हसल्या नाहीत. "या," म्हणाल्या.

त्यांना मी आधी बाजूला घेऊन, संकोचत, नावाचं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "आम्हीही नावानेच उठवतो. टोपी घालून रिकव्हरीत उभ्या राहा." आणि हातमोजे चढवता चढवता, जणू स्वतःशीच, "किती औषध दिलं की माणूस जातो ते मी अचूक सांगते. तो जातो म्हणजे काय होतं, आणि येतो तेव्हा तोच कसा येतो, ते मला विचारू नका. रोज चार जणांना घालवते नि आणते मी. विचार करत बसले तर हात कापेल."

धीर यावा म्हणून मी त्यांच्याकडे गेले होते. होता तोही गेला.

अडीच तासांनी गंगाबाईला बाहेर आणलं. सिस्टर गालावर थापट्या मारत होती. "गंगूबाई! ओ गंगूबाई, डोळे उघडा! जीभ दाखवा!"

गंगाबाईने डोळे उघडले, जीभ दाखवली.

"हात वर करा."

तिने केला.

"नाव काय तुमचं?"

"गंगी."

"दुखतंय?"

"न्हाई."

"आली शुद्धीवर," असं म्हणून सिस्टर पलीकडच्या खाटेकडे गेली.

पण मी ते डोळे बघत होते. वाघजाईच्या अंगणात पाहिलेले तेच डोळे. सगळी उत्तरं बरोबर, सांगितलेलं सगळं केलेलं, आणि तिथे कोणी नव्हतं. त्या फोनातल्या यंत्राचीही सगळी उत्तरं अशीच नीट होती.  मी वाकून तिच्या कानाला तोंड लावलं आणि ते नाव घेतलं.

काही नाही. दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा. शिदूला तीनदाच लागायचं. खाटेशेजारच्या यंत्रावरची हिरवी रेघ संथ चालली होती, तिला कशाशी देणंघेणं नव्हतं. चौथ्यांदा घेतलं, पाचव्यांदा, मग मोजणं सोडलं. दारातून दत्ता डोकावत होता. त्याला बघायला मान वर करण्याचीही मला भीती वाटली. हलायचं नव्हतं.

कधीतरी तिची बुबुळं वळली आणि माझ्या चेहऱ्यावर येऊन थांबली. ओळख नव्हती त्यांत. ओठ हलले.

"कोन हायस?"

सविता म्हणायला मी तोंड उघडलं. सव्वीस वर्षं मी सविताच आहे, आधार कार्डावर तेच आहे. बाहेर पडलं ते "सुहास". माझं माहेरचं नाव. आई गेल्यापासून ते कोणी घेतलं नव्हतं, मीसुद्धा.

"कुटनं आलीस?"

"कामशेतहून." माझं माहेर कामशेतचं.

"कशाला आलीस?"

"तुला न्यायला."

 चौथा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. देण्याघेण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं आणि मनात फक्त एवढंच होतं, की या बाईने माझ्या ओसरीवर परत यावं.

"काय घेऊन जाशील?"

"तुला," मी म्हटलं.  "मला तू पाहिजेस, गंगाबाई. नारळ देऊन मी जायची नाही. तूच पाहिजेस."

यंत्राची रेघ चालत राहिली. मग तिच्या कपाळावर आठी पडली, रोजची, ओळखीची. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं.

"मंग हात तरी सोडा, वैनी," ती पुटपुटली. "मोडतोय की!"

दोन महिन्यांनी ती कामावर आली. समीक्षाचा प्रबंध अर्ध्यावर आहे. फोनवर बोलली की ती आधी मावशीची चौकशी करते. त्या दिवशी परत आलं ते नेमकं कोण, हे तपासायची सोय माझ्याकडे नाही. पण गंगाबाई खोल्यांची दारं वाजवते, सांडलेलं दाणा न दाणा उचलते, आणि परवा एका पाहुण्याला म्हणाली, "सायब, गिझर हळूच तापतो. तुमीबी जरा हळू तापा." माझ्यापुरतं तेवढं पुरतं.

काल निघताना ती दारात थबकली. "औंदा कानात कापूस घालनार न्हाई म्हनते. जत्रंला तुमी याल का?"

 मी "येईन" म्हटलं.

जत्रा सतरा दिवसांवर आली आहे. भाकरी थापता थापता मी रोज तिचं नाव मनात घेऊन बघते, विसरले तर नाही ना म्हणून. आणि त्याच्या जोडीने माझंही.